ताज्या हवेचा वास : ओझोनची हकीगत

गेल्या चैत्रातील हळदीकुंकवानंतर आपल्या मंडळाची जी सभा झाली, तिच्यातील एक ठराव पुष्कळजणींच्या लक्षात असेल. आपल्या बालवाडीच्या खोलीत पावसाळ्यात कुबट वास येतो, सतरंज्या ओलसर राहतात आणि मुले एकामागून एक सर्दी-खोकल्याने आजारी पडतात. तेव्हा वर्धापनदिनाच्या निधीतून त्या खोलीसाठी ओझोन सोडणारे एक यंत्र घ्यावे, असा तो ठराव होता. तो मांडणारी मीच. चिटणीसताईंनी तो टिपून घेतला, खजिनदार वहिनींनी किंमत विचारली आणि अध्यक्षीणबाई एवढेच म्हणाल्या, "यंत्र घेऊ, पण ते नेमके काय करते, हे आधी आपल्यापैकी कोणीतरी नीट समजून घ्या." ठराव मांडणारीच्याच गळ्यात ते काम पडावे, हे ओघानेच आले.

त्या वेळी माझ्या घरी तसले यंत्र येऊन पंधरा दिवस झाले होते. डब्याएवढी ती पेटी. पुढून वारा सोडते, आणि मागे जोडलेली नळी पाण्यात बुडवली की बुडबुडे काढते. हवा शुद्ध, पाणी शुद्ध, भाजी शुद्ध, असे पेटीवर छापलेले. रात्री ते चालू केले की खोलीत एक तरतरीत, किंचित झोंबणारा वास पसरे. वळवाच्या पहिल्या विजा चमकून गेल्यावर हवेला येतो ना, तसा. मातीचा सुगंध निराळा. हा त्याहून तीक्ष्ण. मला वाटे, खोली कशी धुऊन निघाली!

पुढच्या पंधरवड्यात दोन गोष्टी घडल्या. कपाटावरच्या वाटीत ठेवलेली रबरबँडे हात लावताच तडकू लागली. आणि माझ्या सहा वर्षांच्या नातवाचा बाळदमा, जो वर्षभर शांत होता, तो उसळला. रात्र रात्र पोर बसून काढी. सूनबाई त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली, बरोबर मीही गेले. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर मला विचारले, "आजी, घरात नवीन काय आणलंत?" मी मोठ्या अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, "आज घरी गेल्यावर पहिल्यांदा ते बंद करा." बंद केले, खिडक्या उघडल्या, औषध चालूच होते, आठवड्याभरात खोकला बसला.

एका घरच्या अनुभवावरून कोणी सिद्धान्त बांधू नये, हे मला कळते. ऋतूही बदलत होता, औषधही होते. म्हणूनच मी ठरवले, की अध्यक्षीणबाईंनी सोपवलेले काम मनावर घ्यावयाचे आणि या ओझोनची मुळापासून माहिती काढावयाची. वाचता वाचता असे दिसले, की मी केलेली चूक माझ्या आधी दीडशे वर्षे मोठमोठी माणसे करीत आली आहेत. तीच हकीगत येथे सांगते.

हा वास माणसाच्या नाकाला पुरातन काळापासून ठाऊक असणार. परंतु प्रयोगशाळेत त्याची नोंद केली ती हॉलंडमधील हार्लेम गावच्या मार्टिनस व्हान मारुम या शास्त्रज्ञाने, १७८५ साली. त्याच्यापाशी घर्षणाने वीज निर्माण करणारे एक प्रचंड यंत्र होते. त्याच्या ठिणग्या उडाल्या की विशिष्ट वास येतो, हे त्याने लिहून ठेवले. परंतु हा विजेचाच वास, अशी समजूत करून घेऊन तो पुढे गेला.

तो वास विजेचा नसून एका स्वतंत्र पदार्थाचा आहे, हे ओळखले स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्रिस्टियान फ्रीड्रिख शेनबाइन यांनी. १८३९-४० साली त्यांनी आपले म्हणणे विद्वानांपुढे मांडले आणि 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या पदार्थाला 'ओझोन' हे नाव दिले. म्हणजे जन्माला येतानाच हा वायू वासाच्या नावाने आला, आणि पुढची सारी फसगत त्या वासापायीच झाली! या शेनबाइनबद्दल एक गोष्ट सांगतात. स्वयंपाकघरात प्रयोग करू नका, असे पत्नीने बजावले असतानाही ती बाहेर गेल्याचे पाहून त्यांनी ते केले, आम्ल सांडले, ते तिच्याच सुती एप्रनने पुसले आणि तो शेगडीजवळ वाळत घातला, तो भप्पकन पेटून नाहीसा झाला. स्फोटक कापसाचा शोध त्यांनी लावला हे खरे. एप्रनची गोष्ट कितपत खरी, ते त्या बाईंनाच ठाऊक!

ओझोन म्हणजे आहे तरी काय? आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूच्या कणात दोन अणू जोडीने असतात. विजेचा झटका बसला की काही जोड्या फुटतात आणि एकटा पडलेला अणू दुसऱ्या जोडीला जाऊन चिकटतो. असा तीन अणूंचा कण म्हणजे ओझोन. त्याची ही घडण १८६५ च्या सुमारास जिनीव्हाच्या सोरे या शास्त्रज्ञाने दाखवून दिली. हा तिसरा अणू मोठा अस्वस्थ असतो. जे समोर येईल त्याला तो जाऊन भिडतो आणि त्याची मोडतोड करतो. जंतू समोर आला तर जंतूची. रंग आला तर रंगाची. रबर आले तर रबराची. आणि माणसाच्या श्वासनलिकेचे नाजूक अस्तर आले तर त्याची. आपला आणि परका हा भेद त्याला नाही. भगिनींनो, या लेखातील एवढे एक वाक्य जरी आपण ध्यानात ठेवले तरी पुरे. बाकीची हकीगत त्याचाच विस्तार आहे.

ओझोन हवेत आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती शेनबाइन यांनीच काढली. बटाट्याच्या कापावर जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाकला की काप निळाकाळा होतो, हे आपल्या मुलांनी शाळेत केलेले असते. शेनबाइन यांनी कागदाची पट्टी पोटॅशियम आयोडाइड आणि खळ यांच्या मिश्रणात भिजवून वाळवली. ओझोन लागला की पट्टीतील आयोडीन मोकळे होई आणि खळीमुळे पट्टी निळी पडे. जितकी निळी तितका ओझोन जास्त. त्यासाठी दहा छटांचे एक मोजमापही ठरवले गेले. या साध्या पट्टीची आठवण ठेवा. पुढे आपल्या पुण्यात तिची पुन्हा भेट व्हावयाची आहे.

तो काळ युरोपात पटकीच्या साथींचा होता. रोग जंतूंपासून होतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेने, म्हणजे दुर्गंधीने, रोग पसरतो असे बहुतेक डॉक्टर मानीत. मग असा विचार पुढे आला, की दुर्गंधी हा रोग असेल तर तिचा नाश करणारा ओझोन हे औषधच! वेधशाळांतून आणि इस्पितळांतून शेनबाइनच्या पट्ट्या टांगल्या गेल्या. ज्या दिवसांत पट्टी फिकी राहते त्या दिवसांत साथ जोर धरते काय, याची कोष्टके मांडली गेली. ओझोन भरपूर असतो म्हणून समुद्रकाठी हवा खायला जावे, असे इंग्लंडमधील डॉक्टर सांगू लागले आणि समुद्रकाठची गावे आपल्या 'ओझोन'ची जाहिरात करू लागली.

खरे कारण मात्र पाण्यात होते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात दहा दिवसांत पटकीने ५०० हून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून चौकशी केली, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचे पाणी पिणाऱ्यांवरच हा घाला पडला आहे, हे दाखवून दिले. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमध्ये आणि नंतर आपल्या कलकत्त्यात तपास करून पटकीचा जंतू दाखवला. दुर्गंधीवर रोख ठेवून बसलेले लोक हवेतला ओझोन मोजत राहिले, आणि मरण मात्र घरातल्या पाण्याच्या भांड्यातून येत राहिले! समुद्रावरच्या वासाचे म्हणाल, तर तो ओझोनचा नव्हेच. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती आणि शेवाळ यांच्यापासून निघणाऱ्या एका गंधकयुक्त वायूचा तो वास. तो वायू जिवाणू कसा तयार करतात, याचा उलगडा इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी अगदी अलीकडे, २००७ साली केला.

पण ओझोनची सारीच कथा फसगतीची नाही. त्याचे खरे कर्तृत्व पाण्यात दिसले, आणि ते मान्य न करणे अन्यायाचे होईल.

१८५७ साली जर्मनीतील वेर्नर सीमेन्स यांनी ओझोन तयार करण्याचे यंत्र बनवले. काचेची एक नळी दुसऱ्या नळीत बसवायची, दोघींना धातूचे अस्तर द्यायचे, मधल्या फटीतून हवा सोडायची आणि जोराच्या दाबाची वीज खेळवायची. आज आपल्या घरोघरी जी पेटी विकली जाते तिच्या पोटात बहुधा याच युक्तीचे धाकटे भावंड असते. १८९३ साली हॉलंडमधील औड्सहोर्न येथे ऱ्हाईन नदीचे गाळलेले पाणी मोठ्या प्रमाणावर ओझोनने शुद्ध करण्यास सुरुवात झाली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहराने १९०६ साली ही पद्धत आपल्या नळाच्या पाण्यासाठी स्वीकारली. मारिउस पॉल ऑटो या फ्रेंच तंत्रज्ञाचा त्यात मोठा वाटा होता. पुढे युरोपातील कितीतरी शहरांनी नीसचा कित्ता गिरवला.

तेथे ओझोन का यशस्वी झाला? बंद हौदात, गाळून स्वच्छ केलेल्या पाण्यात, मोजून मापून तो सोडला जातो. पाण्यातील जंतूंचा तो क्लोरीनहूनही लवकर नाश करतो. पाण्याचा रंग आणि वासही घालवतो. माणूस त्या हौदात श्वास घेत नसतो, आणि उरलेला वायू बाहेर जाण्यापूर्वी नष्ट केला जातो. म्हणजे ओझोन जोरकस असतो आणि माणूस त्याच्यापासून दूर असतो. या दोन अटी पाळल्या की तो उत्तम नोकर आहे.

तरीसुद्धा जगातील बहुतेक शहरांनी क्लोरीनच जवळ केला. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी ब्लीचिंग पावडरचा नियमित वापर सुरू करवला, आणि ती पद्धत भराभर पसरली. आपल्या खेडोपाडी ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टाकतो ती टीसीएल पावडर त्याच कुळातली. क्लोरीन स्वस्त, हे एक कारण झाले. पण आपणा बायकांच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ओझोन पाण्यात टिकत नाही. नेहमीच्या पाण्यात अर्ध्या तासाच्या आतबाहेर त्यातला निम्मा विरून जातो, आणि थोड्या वेळाने काहीच उरत नाही. क्लोरीनचा अंश मात्र पाण्यात मागे राहतो आणि नळातून, टाकीतून, हंड्यातून पाण्याची राखण करतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे आपल्याकडचे मानक आहे, ते याचसाठी.

आता आपले घर डोळ्यांपुढे आणा. पाणी एक दिवसाआड येते; आपण पिंप, माठ, कळशी भरून ठेवतो. सकाळी ओझोनचे बुडबुडे काढून शुद्ध केलेल्या पाण्यात दुपारी खेळून आलेल्या मुलाने हात घालून पेला बुडवला, की सारे मुसळ केरात! त्या पाण्याच्या दारावर आता पहारेकरी कोणी नाही. बाटलीबंद पाण्याचे कारखाने ओझोन वापरतात ही गोष्ट खरी. पण ते बाटलीला लगेच बूच लावतात. त्यातही एक काळजी घ्यावी लागते. पाण्यात ब्रोमाइड नावाचा क्षार असला तर ओझोनमुळे त्याचा ब्रोमेट बनतो, आणि तो अपायकारक. म्हणून पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातली आहे. कारखान्यात अशी तपासणी होऊ शकते. आपल्या बोअरिंगच्या पाण्यात ब्रोमाइड किती, हे आपल्या ओट्याशी उभे राहून कोण तपासणार?

पाण्याकडून हवेकडे वळू. पाण्यात यश आले तसे हवेतही येईल, असे विसाव्या शतकाच्या आरंभी लोकांना वाटले यात नवल नाही. १९११-१२ च्या सुमारास लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लंडन मार्गावर ओझोन मिसळलेली हवा सोडणारी यंत्रे बसवली गेली. जमिनीखालच्या कोंदट हवेने कंटाळलेल्या उतारूंना समुद्रकाठचा आनंद मिळावा, हा हेतू. शाळा, नाटकगृहे, कचेऱ्या यांच्यासाठीही अशी यंत्रे खपू लागली.

तेव्हा काही चिकित्सक माणसांनी प्रश्न विचारला, की हे खरोखर जंतू मारते काय? १९१३ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. एक शिकागो विद्यापीठाच्या जॉर्डन आणि कार्लसन यांचा, दुसरा कॅलिफोर्नियातील संशोधकांचा. दोघांचे तात्पर्य जवळजवळ एकच होते. माणसाला सोसेल इतका ओझोन हवेतल्या जंतूंचे फारसे काही बिघडवू शकत नाही. आणि जंतू मरतील इतका सोडला तर माणसाला तो सोसत नाही. मग खोली ताजी कशी वाटते? तर ओझोनचा तीक्ष्ण वास इतर वासांना झाकून टाकतो आणि आपले नाकही बधिर करतो. घाण असते तेथेच असते. ती कळेनाशी होते इतकेच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष वाचताना मला माझ्या खोलीतला तो 'धुऊन निघाल्याचा' वास आठवला, आणि खरे सांगते, मनातल्या मनात मी शरमले.

माझ्या तडकलेल्या रबरबँडांचाही उलगडा मला सापडला, तो लॉस एंजलिस शहराच्या हकीगतीत. १९४३ पासून त्या शहरावर दिवसाढवळ्या एक डोळे झोंबवणारे धुके उतरू लागले. पिकांची पाने करपत, आणि मोटारींच्या टायरांना चिरा पडत. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे आरी हागेन-स्मिट हे जन्माने डच असलेले रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या स्वादावर संशोधन करीत होते. त्यांनी अननस बाजूला ठेवून ती हवा तपासावयास घेतली. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले, की मोटारींचा आणि कारखान्यांचा धूर उन्हात तापला की त्यातून ओझोन तयार होतो, आणि धुक्यातला मोठा उपद्रव त्याचाच. ताणून धरलेली रबराची पट्टी किती वेळात तडकते, यावरून हवेतला ओझोन अजमावण्याची पद्धतही तेव्हा वापरात होती. म्हणजे माझ्या कपाटावरच्या वाटीत जे घडले ते प्रयोगशाळेतल्या परीक्षेसारखेच होते. फक्त परीक्षेचा कागद मला वाचता आला नाही!

तेव्हापासून ओझोनची गणना हवा बिघडवणाऱ्या पदार्थांत होऊ लागली. छाती भरून येणे, खोकला, श्वास कोंडणे, दमा उसळणे हे त्याचे परिणाम. आणि ते मुलांवर, वृद्धांवर व दमेकऱ्यांवर अधिक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घरात वापरावयाच्या वैद्यकीय उपकरणांमुळे बंद खोलीतील ओझोन हवेच्या दोन कोटी भागांत एका भागाहून अधिक होता कामा नये, असा नियम केला. तरीही विक्री थांबली नाही. १९९५ साली तेथील व्यापार आयोगाने एका कंपनीला पुराव्यावाचून दावे न करण्याची ताकीद दिली. ती मोडल्याबद्दल २००१ साली न्यायालयाने तिला सुमारे १५ लाख डॉलरांचा दंड केला. २०१० च्या ऑक्टोबरपासून कॅलिफोर्निया राज्याने घरातील हवाशुद्धी यंत्रांना तीच दोन कोटीत एक भागाची मर्यादा कायद्याने घातली. तेथील पर्यावरण खात्याच्या माहितीप्रमाणे, खोलीतले जंतू आवरावयाचे तर ओझोन या आरोग्य-मर्यादेच्या पाच ते दहा पट लागेल. शिवाय लिंबाच्या वा पाइनच्या वासाच्या फरशी पुसायच्या द्रवाशी ओझोनचा संयोग झाला, की त्यातून फॉर्मॅल्डिहाइडसारखे नवेच अपायकारक पदार्थ तयार होतात.

येथे मी घरच्या घरी एक हिशेब मांडला. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. वर सांगितलेल्या मर्यादेप्रमाणे घनमीटरमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम ओझोन चालतो. म्हणजे सबंध खोलीत मिळून साडेतीन मिलिग्रॅमही नाही. माझ्या यंत्रावर छापले होते, 'ताशी ४०० मिलिग्रॅम'. म्हणजे खोली बंद असली तर मर्यादा गाठावयास अर्धे मिनिट पुरे! थोडा ओझोन आपोआप विरतो, थोडा फटींतून बाहेर जातो, हे खरे. म्हणून सारेच्या सारे साठत नाही. पण मी तर ते रात्रभर चालू ठेवत होते, आणि गारठा नको म्हणून खिडक्या लावून घेत होते.

आता त्या निळ्या पट्टीच्या दुसऱ्या भेटीबद्दल. ओझोनचे एक रूप असे आहे की ज्याच्यावाचून आपले जगणे कठीण व्हावे. जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर त्याचा विरळ थर आहे. तो सारा गोळा करून जमिनीवर आणला तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा होईल. पण सूर्याचे जाळणारे अतिनील किरण तोच अडवतो. हा वरचा ओझोन मोजण्याचे भारतीय उपकरण घडवण्यात अग्रेसर होत्या एक बाई, अण्णा मणी. १९१८ साली केरळात त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवसाला घरचे हिऱ्याची कुडी देऊ लागले, तर या मुलीने त्याऐवजी विश्वकोशाचे खंड मागून घेतले. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन करून १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात दाखल झाल्या. पुढे तेथील उपकरण विभागात शंभराहून अधिक पुरुष त्यांच्या हाताखाली काम करीत. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्याला बांधून आकाशात सोडावयाचे ओझोनमापक तयार केले. त्याच्या पोटात कोणते रसायन होते म्हणता? शेनबाइनच्या पट्टीतले तेच पोटॅशियम आयोडाइड!

पुढे १९८५ साली दक्षिण ध्रुवावरील ओझोन विरळ होत चालल्याचे उघडकीस आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला, आणि शीतकपाटांत व फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे घातक वायू हळूहळू बंद करण्यात आले. वरच्या ओझोनचे रक्षण करण्यासाठी सारे जग एकत्र आले, आणि आम्ही इकडे पैसे मोजून तोच वायू मुलाच्या उशाशी सोडत होतो! चूल घरात हवी, पण अंथरुणात नको. ओझोनचेही तसेच आहे. आकाशात तो छत्र, बंद हौदात तो नोकर, निजायच्या खोलीत तो शत्रू.

भाजी-फळे धुण्याच्या पेटीबद्दल दोन शब्द. ओझोनच्या पाण्याने भाजीवरचे जंतू कमी होतात आणि वरवरच्या काही फवाऱ्याच्या औषधांचा अंशही कमी होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. भाजीच्या आत मुरलेल्या औषधापर्यंत मात्र तो पोहोचत नाही. शिवाय पाण्यात न विरघळलेला ओझोन बुडबुड्यांबरोबर बाहेर पडतो आणि वाकून भाजी धुणाऱ्या बाईच्याच नाकात जातो. ज्यांनी अशी पेटी घेतलीच आहे त्यांनी ती खिडकीशी, पंखा लावून, मुलांना दूर ठेवून वापरावी आणि वास आला की बंद करावी. ज्यांनी घेतलेली नाही त्यांना वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलेली मेथी आणि मिठाच्या पाण्यात घातलेला फ्लॉवर आजवर पुरत आला आहे.

तेव्हा माझा चैत्रातला ठराव मी मागे घेत आहे, आणि त्याच्या जागी दुसरा मांडत आहे. बालवाडीच्या मागच्या भिंतीतली खिडकी कपाट लावून बुजवली आहे. ते कपाट हलवावे. छपराखाली जेथून ओल उतरते तेथे दुरुस्ती करावी, कारण कुबट वासाचे मूळ तेथे आहे. हवा बाहेर फेकणारा एक पंखा बसवावा. सतरंज्या उघडीप मिळेल तेव्हा उन्हात घालण्याची पाळी आपण आपसांत लावून घ्यावी. पहिला आठवडा माझा. पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब घालून, तोटीच्या झाकणाच्या पिंपात भरावे, म्हणजे मुलांचे हात आत जाणार नाहीत. या सर्वाला त्या यंत्राच्या किमतीहून अधिक खर्च येणार नाही, असे खजिनदार वहिनींनी आकडे मांडून सांगितले आहे.

नव्या सुधारणांचे मला वावडे नाही. यापुढेही नवे काही दिसले तर मी सभेत मांडीनच. पण मांडण्यापूर्वी विचारीन, हे काय करते, किती करते आणि कोणावर करते. आमच्या घरचे ते यंत्र मी कोणाला देऊनही टाकले नाही. दुसऱ्याच्या घरी का पाठवावे? वायर काढून ते माळ्यावर ठेवले आहे. त्या कपाटावरच्या वाटीत नवी रबरबँडे घातली आहेत. ती अजून धड आहेत, नातू रात्रभर झोपतो, आणि खिडकीतून येणाऱ्या हवेला कसलाच वास येत नाही.